पुरात भिजलेली आळी : चिपळुणातल्या एका जुन्या वस्तीच्या नोंदी जपताना घेतलेले निर्णय

हे प्रकरण चिपळूणच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका आळीचं आहे. आळीचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ज्यावरून एखादं घर ओळखू येईल ते तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. गावाचं नाव झाकण्यात मात्र अर्थ नाही, कारण २२ जुलै २०२१ चा पूर म्हटलं की चिपळूणच आठवतं.

मी या कामात पहिल्यापासून होतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना अख्खी आळी बाई म्हणते. कापडाचे एक जुने व्यापारी होते, ते सगळ्यांचे चाचा. मोडी वाचणारे एक काका होते आणि वास्तुकलेचं शिक्षण नुकतंच संपवून घरी आलेली एक मुलगी होती. संस्था नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. वस्तीचा इतिहास जपायचा तर कागद कसे वाळवायचे, कसे स्कॅन करायचे याची माहिती शोधली की सापडते. खरे पेच पुढचे आहेत. कागद कोणाच्या ताब्यात राहणार, कोणाला दाखवायचे, आणि घरमालकाने ‘नको’ म्हटलं तर काय करायचं. म्हणून इथे तंत्रापेक्षा या पेचांवर जास्त लिहितो आहे.

पार्श्वभूमी

चिपळूण खाडीच्या टोकाला वसलेलं. दाभोळहून आत शिरलेले मचवे आणि पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, भरतीच्या पाण्यावर गोवळकोटपर्यंत यायचे. तिथे उतरलेलं मीठ, नारळ, सुकी मासळी कुंभार्ली घाटाने कऱ्हाडाकडे चढायची आणि घाटावरून गूळ, मिरची, कापूस, धान्य खाली यायचं. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्ये चिपळूणच्या या व्यापाराची नोंद आहे. पण गॅझेटिअरमध्ये बंदर दिसतं, पेठ दिसते. आळी दिसत नाही. कोणाची गादी कुठे होती, कोणाच्या ओट्यावर हमाल दुपारचे टेकायचे, कोणत्या घरातून तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक ऐकू यायची, हे कोणत्याच छापील पानात नाही.

आमच्या आळीत पुढे दुकान आणि मागे-वर बिऱ्हाड अशी घरं होती. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, तुळया सागवानी, छपरावर मंगलोरी कौलं. दुकानाला शटर नव्हतं. उभ्या फळ्या एकेक करून खाचेत सरकवायच्या आणि शेवटच्या फळीला कुलूप लावायचं. वस्तीही सगळ्या तऱ्हेची : वाणी, तांबट, शिंपी, कोकणी मुसलमान व्यापारी, दोन-तीन गुजराती घरं. एस.टी. आणि ट्रक आल्यावर खाडीची वाहतूक आटली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गावाचा ओढा आणखी दुसरीकडे गेला. आळीतली बरीच तरुण मंडळी मुंबई-पुण्याला गेली, काही घरांना कुलपं लागली.

पाणी या आळीला नवीन नव्हतं. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या जवळ. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाण्याला समुद्राकडे जायला वाट मिळत नाही आणि ते गावात शिरतं. त्यात नदीपात्रं गाळाने वर आलेली. म्हणून जुन्या दुकानांत माल ठेवायला उंच पोटमाळा असायचाच आणि हिशेबाच्या चोपड्या, गहाणखतं, जमिनीचे कागद, लग्नाच्या याद्या असं सगळं त्या माळ्यावरच्या पेटाऱ्यात. २००५ च्या पुरात काही पेटारे गेले, तरी बरेच वाचले. त्यामुळे ‘माळ्यावर आहे म्हणजे सुरक्षित आहे’ असा भरवसा लोकांच्या मनात बसला होता.

२०२१ ला पाणी माळ्यावर गेलं.

अडचण

पाणी ओसरल्यावर गावात वीज नव्हती, प्यायचं पाणी विकत-मागून आणावं लागत होतं, घराघरांत गुडघाभर चिखल. अशा वेळी कोणी कागदांचा विचार करत नाही आणि करूही नये. लोक गाद्या, फर्निचर, धान्याची पोती दाराबाहेर टाकत होते आणि त्याच ढिगात पेटारेही जात होते. डंपर यायचे, ढीग उचलायचे. चाचांच्या दारातल्या ढिगात लाल खारव्यात बांधलेल्या चोपड्या दिसल्या तेव्हा बाईंनी डंपरवाल्याला थांबवलं. या कामाची सुरुवात तिथून झाली.

पहिली अडचण उघड होती. ओल्या कागदाला अशा दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरू लागते. दुसरी अडचण अशी की आळीत जुनं सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची होती आणि पुरानंतर त्यांतल्या काहींना मुलांनी मुंबईला नेलं होतं. ती परत येतील की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसरी अडचण घरांची. चिखल-पाण्याने पाया खचलेली, तुळया फुगलेली घरं दुरुस्त करण्यापेक्षा पाडून इमारत बांधणं मालकांना परवडणारं वाटत होतं. कागद, माणसं आणि घरं, तिन्ही एकाच पावसाळ्यात हातातून निसटू लागली होती आणि आम्हाला तिन्हींकडे सारखं लक्ष देणं शक्य नव्हतं.

पहिला निर्णय : आधी काय वाचवायचं

आम्ही कागद आधी घेतले. माणसं फोनवर मिळतील, घरं पाडायला परवानग्या लागतात, पण कागद थांबणार नव्हता. हा क्रम बरोबर होता असं मला आजही वाटतं, जरी त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

कागदांतही निवड करावी लागली. इथे काकांच्या अनुभवाचा फार उपयोग झाला. जुन्या मोडी चोपड्या हातकागदाच्या, काजळाच्या शाईने बोरूने लिहिलेल्या. ती शाई पाण्याने सहसा पसरत नाही आणि तो कागदही चिवट असतो. याउलट १९५०-६० नंतरच्या वह्या फाउंटन पेनाच्या निळ्या शाईतल्या. त्यांची पानं आमच्या डोळ्यांदेखत फिकट निळी होत चालली होती. म्हणजे जी चोपडी जुनी आणि मोलाची दिसत होती ती थोडी थांबू शकत होती आणि जी साधी वही वाटत होती तिला तातडीची गरज होती. स्वाभाविक ओढ उलटी होती. सगळे हात आधी मोडीकडे जात होते; काका त्यांना निळ्या शाईच्या वह्यांकडे वळवत होते.

स्वच्छ पाणी नव्हतं, म्हणून पागोळ्यांखाली बादल्या लावून पावसाचं पाणी धरलं. चोपडी न उघडता, घट्ट धरून, त्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून बाहेरचा चिखल काढायचा. पानं सोडवायची घाई करायची नाही, कारण ओलं पान बोटाबरोबर निघून येतं. एका वहीची सुरुवातीची पानं अशीच गेली, तेव्हा सगळ्यांना हे पटलं. फोटोंचं शास्त्र वेगळं. काचेच्या फ्रेममधला भिजलेला फोटो वाळला की काचेलाच चिकटतो. म्हणून फ्रेम उघडून फोटो ओलेच सोडवून घ्यायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत पसरायचे. जुने काळे-पांढरे फोटो बऱ्यापैकी तगले. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले रंगीत लग्नाचे अल्बम जवळजवळ सगळे गेले.

सगळं एकदम वाळवणं शक्य नव्हतं. ओला कागद गोठवून ठेवला तर बुरशी थांबते आणि पुढे सवडीने वाळवता येतो, हे मुलीला माहीत होतं. पण वीजच नसलेल्या गावात फ्रीझर कुठून आणणार? मासळीच्या शीतगृहात विचारलं. खाण्याच्या मालाशेजारी चिखलाचे गठ्ठे ठेवता येणार नाहीत असं त्यांनी सांगितलं, आणि ते योग्यच होतं. शेवटी शृंगारतळीच्या एका आइस्क्रीम विक्रेत्याकडे पावसाळ्यात रिकामा पडलेला डीप फ्रीझर मिळाला. गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, प्रत्येकावर घराची खूण लिहून तिथे नेले. त्यातले शेवटचे गठ्ठे दिवाळीनंतर काढले.

दुसरा निर्णय : मूळ कागद कोणाकडे

कागद वाचले तसा लगेच प्रश्न आला की आता ते ठेवायचे कुठे. सगळ्यांत सरळ वाट गावच्या वाचनालयाची. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ पासूनची संस्था, जुन्या वस्तूंचं संग्रहालयही तिचं आहे. पण २००५ च्या पुराने त्या वाचनालयाचं मोठं नुकसान केलं होतं आणि २०२१ ला पाणी पुन्हा तिथे शिरलं होतं. ती मंडळी स्वतःच्या पुस्तकांचा चिखल काढत असताना आमचे गठ्ठे त्यांच्या दारात नेऊन ठेवणं आम्हाला प्रशस्त वाटलं नाही. दुसरी वाट पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची. १९१० पासूनची संस्था, मोडी कागद सांभाळण्याची परंपरा मोठी. काका त्या बाजूचे होते. त्यांचं म्हणणं, इथे पुन्हा पूर येणारच, मग कागद घाटावर असलेले बरे.

तिसरी वाट म्हणजे आळीतच वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन सगळं एकत्र ठेवायचं. आम्ही एक खोली पाहूनही आलो होतो.

हा विषय घराघरांत काढला आणि तिथे गाडी अडली. ‘पुण्याला’ म्हटल्यावर चेहरे बदलायचे. एका वयस्कर आजोबांनी सरळच सांगितलं, “अवो, कागद एकदा घराबाहेर गेला म्हणजे गेला. मग तो कोणाच्या हातात आणि कोणत्या कोर्टात, आपल्याला काय कळणार?” जमिनीच्या वाटण्या, कुळं, भाडेकरू, भाऊबंदकी यांत मुरलेल्या गावात ही भीती निराधार नव्हती. आमच्या भाड्याच्या खोलीवरही लोकांचा विश्वास नव्हता. आम्ही पाचजण कोण? उद्या एकजण वारला, एकजण मुंबईला गेला, मग खोलीची किल्ली कोणाकडे?

बरीच वादावादी झाल्यावर आम्ही चौथी वाट धरली. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी परत जातील. आम्ही फक्त स्कॅन करू, तेही त्यांच्या ओटीवर, त्यांच्या समोर. काकांना हे पटलं नव्हतं. हात घालण्याआधीच हार मानल्यासारखं आहे असं ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, कारण विखुरलेले कागद पुढच्या पुरात विखुरलेपणीच जातील. पण दुसरी कोणतीही वाट धरली असती तर आम्हाला निम्मेसुद्धा कागद पाहायला मिळाले नसते, हे पुढे स्पष्ट झालं. ओटीवर बसून स्कॅन करताना घरातली माणसं बघत बसायची, मधेच उठून आत जायची आणि ‘हेही आहे बघा’ म्हणत आणखी एक पुडकं आणायची. अशी पुडकी खोलीत कोणी आणून दिली नसती.

परत देताना आम्ही एकच अट घातली : कागद माळ्यावर नव्हे, वरच्या मजल्यावर ठेवायचे; भिंतीला न टेकवता, सुती बासनात बांधून, आणि पावसाळा सरला की वर्षातून एकदा उघडून वारा द्यायचा. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओल अडकते म्हणून तो नको. स्कॅनच्या तीन प्रती ठेवल्या. एक घरमालकाला, एक आमच्याकडे, एक घाटावर बाईंच्या मुलाकडे, जिथे चिपळूणचं पाणी पोचणार नाही.

तिसरा निर्णय : काय उघड करायचं आणि काय नाही

काकांनी चोपड्या वाचायला घेतल्या आणि आमच्यातच मतभेद झाले. व्यापाऱ्याची चोपडी म्हणजे नुसता मालाचा हिशेब नव्हे. रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, कोणाला किती उधार, कोणत्या व्याजाने, काय गहाण, सगळं नावागावासकट. एका चोपडीत अनेक घरांच्या दागिन्यांच्या गहाणाच्या नोंदी होत्या. त्यातली कितीतरी घरं आजही गावात आहेत.

बाईंचं मत स्पष्ट होतं. इतिहास म्हणजे इतिहास. नावं झाकली तर चोपडीत उरतं काय? गावातल्या बायकांच्या अंगावरचं सोनं कोणत्या महिन्यात गहाण पडत होतं आणि कधी सुटत होतं, यातून पेरणी, लग्नसराई आणि मुंबईच्या मनीऑर्डरींचा अख्खा हिशेब कळतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गहाण ठेवणाऱ्याचा नातू आज माझ्या दुकानात कापड घ्यायला येतो. त्याच्या आजीची पाटली आमच्याकडे पडून होती, हे मी भिंतीवर लावू? माझ्या बापाने ती चोपडी कोणाला दाखवली नव्हती.”

त्या बैठकीत निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीला मुलीने एक तोडगा आणला आणि तोच आम्ही स्वीकारला. प्रत्येक कागदासाठी घरमालकाने तीनपैकी एक मुभा निवडायची : सगळ्यांना खुला, फक्त आळीतल्या माणसांना आणि नाव-गाव सांगून येणाऱ्या अभ्यासकाला, किंवा मालक सांगेल त्या सालापर्यंत बंद. बंद कागदाचंही अस्तित्व यादीत नोंदायचं, आतला मजकूर नाही. चाचांनी ती चोपडी बंद ठेवली, पण त्यातले मालाचे भाव, आवक-जावक, मचव्यांची येणी-जाणी काकांना उतरवून घ्यायला परवानगी दिली.

सर्वांत कठीण गेल्या भाडेपावत्या. पागडी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे, देऊन राहिलेल्या जुन्या भाडेकरूंना वाटत होतं की आम्ही त्यांच्या पावत्या स्कॅन कराव्यात, म्हणजे पुढे कधी घर पाडायची वेळ आली तर पुरावा राहील. मालकांना नेमकं तेच नको होतं. दोन्ही बाजूंना आम्ही दुसऱ्या बाजूचे वाटायला लागलो. शेवटी ठरवलं की ज्या मालमत्तेचा वाद कोर्टात चालू आहे किंवा उभा राहण्याच्या बेतात आहे, तिचे कागद संग्रहात घ्यायचे नाहीत. भाडेकरूंना स्कॅन कसं करायचं ते शिकवायचं, प्रत त्यांनी त्यांच्याकडेच ठेवायची. या निर्णयाने काम वाचलं. पण संग्रहात मालकांचा आवाज मोठा राहिला आणि भाडेकरूंचा बारीक झाला, आणि आळीत भाडेकरूच जास्त होते.

चौथा निर्णय : पुराच्या खुणा

एका घराच्या दाराच्या सागवानी खांबावर पटाशीने मारलेल्या खाचा होत्या. प्रत्येक मोठ्या पुराला घरातल्या कर्त्या माणसाने पाणी जिथवर आलं तिथे खाच मारलेली. काही खाचांच्या बाजूला साल कोरलेलं, काहींच्या नाही. २००५ ची खाच माझ्या खांद्याच्या वर होती. २०२१ ची खाच मारायला शिडी लागली असती, म्हणून घरातल्या मुलाने खडूने नुसती रेघ ओढली होती. या आळीच्या इतिहासाचा इतका नेमका दस्तऐवज आम्हाला दुसरा मिळाला नाही. अभ्यासकांनाही तो उपयोगी पडावा, कारण जुन्या पुरांची घरोघरची पातळी सरकारी नोंदीत क्वचित सापडते.

पण तेव्हा गावात पूररेषेचा वाद पेटला होता. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम अडतं, दोन्हींच्या मधे कडक अटी येतात. चिपळूणची बाजारपेठच या रेषांत सापडत होती. गावाचं म्हणणं, आधी नद्यांचा गाळ काढा, मग रेषा आखा. त्यासाठी २०२१ च्या डिसेंबरात साखळी उपोषणही झालं. अशा वेळी आम्ही घराघरावरच्या पुराच्या उंचीची यादी प्रसिद्ध केली असती, तर ती घरमालकांच्या विरोधात वापरली जाईल अशी भीती होती. त्या खांबाच्या मालकाने सांगितलं, “खाचा आजोबांच्या आहेत, मला अभिमान आहे. पण घराची किंमत ठरवायला माणूस येतोय. मी खांब रंगवून घेणार.”

तीन पर्याय समोर होते. त्यांना थांबवण्यासाठी गावात गाजावाजा करायचा; खांबच विकत घेऊन कुठेतरी ठेवायचा; किंवा नोंद करून घ्यायची आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा. पहिला पर्याय मुलीला हवा होता. मला दुसरा योग्य वाटत होता, पण सागवानी खांब काढायचा तर वरची तुळई आधार देऊन पेलावी लागते आणि तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. आम्ही नोंद केली. जोत्यापासून प्रत्येक खाचेची उंची टेपने मोजली, खांबावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून खाचांचा ठसा घेतला, घरातल्या आजींकडून प्रत्येक खाचेची आठवण ध्वनिमुद्रित केली. ती नोंद ‘बंद’ वर्गात गेली. दोन आठवड्यांत खांबावर लांबी (पुट्टी) भरून ऑइलपेंट लागला.

याऐवजी सार्वजनिक खूण कुठे करता येईल, याचा विचार तेव्हा सुरू झाला. देवळाच्या विश्वस्तांनी आणि मशिदीच्या जमातीने आपापल्या बाहेरच्या भिंतीवर २००५ आणि २०२१ च्या पाण्याची रेघ आखायला होकार दिला. तिथे कोणाच्या घराची किंमत अडत नव्हती.

घरांची नोंद

घरं वाचवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही, हे सरळ लिहायला हवं. आळीतलं एकही घर संरक्षित वास्तूंच्या यादीत नव्हतं. ज्या कुटुंबाचं सगळं पाण्यात गेलं त्याला ‘घर पाडू नका’ सांगायचा अधिकार आम्हाला आहे असं कोणालाच वाटलं नाही. म्हणून पाडायच्या आधी मोजायचं एवढंच ठरवलं. मुलीने दोन घरांचे मजल्यावार नकाशे काढले : ओटी, पडवी, माजघर, गादीची बैठक, माळ्याचा जिना. कौलं उतरवताना त्यांच्या मागच्या बाजूचे कारखान्यांचे ठसे टिपले. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६० च्या दशकात काढला आणि तिथून समुद्रमार्गे कौलं सगळ्या किनाऱ्यावर गेली. त्यामुळे ठशावरून छपराचा काळ साधारण ताडता येतो. एका घराच्या मागच्या बाजूला वेगळ्याच कारखान्याची कौलं निघाली. ते छप्पर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर बदललं होतं, असं घरातल्या आजोबांनी सांगितलं. तोपर्यंत कोणी त्यांना भूकंपाबद्दल विचारलंच नव्हतं.

यातून पुढचं काम निघालं. बाईंच्या ओटीवर जमिनीवर मोठा कागद पसरून आळीचा साधारण १९६५ च्या सुमाराचा नकाशा काढायचा. वयस्कर मंडळी भोवती बसायची, एकजण घर सांगायचा, दुसरा दुरुस्त करायचा. बुजवलेल्या बावी (विहिरी) कुठे होत्या, तांबटांचा भाता कोणत्या कोपऱ्यात होता, मोहरमचे ताबूत आणि शिमग्याची पालखी कोणत्या वळणावर थांबायची, हे सगळं त्या कागदावर आलं. मुंबईला गेलेल्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं.

निष्पत्ती

आज आळीतल्या बहुतेक जुन्या घरांचे कागद स्कॅन झालेले आहेत. मूळ प्रती घरोघरी आहेत. खुल्या भागाची छापील यादी वाचनालयात ठेवली आहे. मोडी चोपड्यांतला थोडाच भाग वाचून झाला, कारण वाचणारे एकटे काका. राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या मोडी प्रशिक्षणाची माहिती आळीतल्या मुलांना दिली, दोघींनी ते पूर्ण केलं आणि आता त्या काकांबरोबर बसतात. १९६५ चा नकाशा शाळेच्या भिंतीवर आहे. मोजलेली दोन्ही घरं पाडली गेली. एका जागी इमारत उभी राहिली, दुसरी जागा अजून मोकळी आहे.

एका घरात परत दिलेले कागद पुढच्याच वर्षी वाळवीने खाल्ले. त्यांची स्कॅन प्रत आमच्याकडे होती म्हणून मजकूर राहिला. काका ते उदाहरण अजून देतात, आणि दरवेळी आम्हाला त्यांना उत्तर द्यावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत मोठी उणीव बायकांच्या आठवणींची आहे. नकाशासाठी गोल करून बसवलं तेव्हा पुरुष बोलत राहिले आणि बायका चहा करत राहिल्या. घराच्या आतलं, म्हणजे बावीवरचं पाणी, बाळंतपणं, पुराच्या रात्री कोणत्या घराच्या माडीवर किती बायका-मुलं चढली, हे बायकांनाच ठाऊक होतं. बाईंनी पुढे एकेकीकडे दुपारी जाऊन मुलाखती घेतल्या तेव्हा ते बाहेर आलं, पण तोवर दोन आजी राहिल्या नव्हत्या. हे काम करणाऱ्यांनी पहिल्यापासूनच बायकांशी वेगळं, घरात बसून, रेकॉर्डर बाजूला ठेवून बोलावं.

संमतीच्या कागदाची पहिली भाषा एका वकिलांनी लिहून दिली होती. ‘सदर दस्तऐवज’ आणि ‘हक्क अबाधित’ वाचून लोक सही करायला कचरले. बाईंनी तोच मजकूर बोलीभाषेत एका पानावर लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि सह्या मिळाल्या. सुरुवातच तिथून व्हायला हवी होती.

घरागणिक नोंद करण्याची पद्धत सोपी, पण ती मालकाच्या बाजूने झुकते. हमाल, मोलकरणी, भाडेकरू, मालाबरोबर आलेले तांडेल आणि खलाशी यांचं आळीत घर नव्हतं, म्हणून नकाशात त्यांना जागा नाही. चोपड्यांत मात्र हमालीच्या नोंदी रोजच्या रोज आहेत. घराऐवजी कामापासून सुरुवात केली असती तर वेगळीच आळी दिसली असती, असं मला वाटतं. आता आमची दुसरी फेरी त्याच दिशेने चालू आहे. रोजमेळातली हमालांची नावं उतरवून त्यांचे वंशज गोवळकोट, पेठमाप आणि उक्ताडच्या वाड्यांत शोधायचे. चाचांनी त्यासाठी त्या बंद चोपडीतली हमालीची पानं उघडायला परवानगी दिली आहे. गहाणाची पानं अजून बंदच आहेत आणि ती कधी उघडायची हे त्यांचा मुलगा ठरवेल, असं त्यांनी संमतीपत्रावर स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.